आजी तालीम अर्ध्यावर सोडून गेली

वाचकाचा प्रश्न

पालघर जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत संगीत शिकवणाऱ्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात असं :

आठवी-नववीच्या तीस मुलांचा समूहगानाचा संघ त्या आंतरशालेय स्पर्धेसाठी तयार करत आहेत. एक देशभक्तिपर गीत आणि एक लोकगीत म्हणायचं आहे. चार आठवडे उरलेत. संघातल्या एका वारली मुलीला त्यांनी "तुमच्याकडचं एखादं गाणं आण" असं सांगितलं. मुलीची आजी धवलेरी आहे, म्हणजे वारली लग्न गाण्यातून लावणारी बाई. मुलीनं तिच्याकडून लग्नातलं एक गाणं शिकून आणलं. बाईंनी ते पेटीवर बसवलं, चाल "थोडी गोड" केली, न कळणारे शब्द प्रमाण मराठीत बदलले, लय वाढवली आणि ड्रेपरीवाल्याकडे "आदिवासी" पोशाखांची ऑर्डर दिली. मग कौतुकानं आजीला तालमीला बोलावलं. आजी पाच-सात मिनिटं बसली, "बाई, हा आमचा गाना नाय" म्हणाली आणि उठून गेली. तेव्हापासून मुलगी तालमीला आलेली नाही.

त्याच आठवड्यात एका मुस्लिम मुलाच्या आईनं वहीतून चिठ्ठी पाठवली : देशभक्तिपर गीताच्या शेवटच्या कडव्यात मातृभूमीची देवी म्हणून पूजा आहे, तेवढं कडवं माझ्या मुलानं म्हटलं नाही तर चालेल का? बाईंनी "संगीताला धर्म नसतो" असं उत्तर दिलं. आता ते उत्तर त्यांनाच टोचतंय. शिवाय हे देशभक्तिपर गीत काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून) आहे, तार मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या म पर्यंत जातं, आणि आवाज फुटलेल्या दोन मुलांना ते झेपत नाही, म्हणून त्यांना मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायला सांगितलं आहे. "समूहगानात सगळे आवाज एकजीव व्हायला हवेत ना?" असं त्या म्हणतात.

त्यांचे प्रश्न : "मी तर त्यांच्या संस्कृतीला मंच दिला. माझं चुकलं कुठे? लोकगीत बदलू का? की सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून प्रत्येक धर्माचं एकेक गाणं घेऊ?"

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमची ओढाताण दिसली. आठवड्याला दोन तासिका, तीस मुलं, एक पेटी, वर स्पर्धा. मीही पंचवीस वर्षं समूहगान बसवते आहे, त्यामुळे शेवटच्या महिन्यात माणूस कसा घाईला येतो ते मला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, "लोकगीत काही कुणा एकाचं नसतं, म्हणून मी बदल केले." आपल्या पिढीला हे असंच शिकवलं गेलं. पण त्यातलं खरं एवढंच, की रचणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. गाणाऱ्याचं नाव असतं. कुणी, कुठे, कशासाठी गायचं हेही बहुतेक वेळा ठरलेलं असतं.

धवलेरी म्हणजे कोण, हे तुम्ही त्या भागात राहता म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. वारली लग्नात विधी तिच्या गाण्यानं पुढे सरकतात. भिंतीवर सवाशिणी चौक काढतात, त्यात पालघट देवी येते, आणि धवलेरी गाते. म्हणजे तिच्याकडे असलेली गाणी करमणुकीची नाहीत. लग्न लावण्याचं काम ती गाण्यातून करते. आता असं समजा, की एखाद्या पुरोहिताच्या तोंडची संथा आपण उचलली, अडणारे शब्द बदलले, लय चढवली आणि मुलांना सोवळी नेसवून ती स्पर्धेत म्हणायला लावली. याला आपण "थोडे बदल" म्हटलं असतं का? पुरोहिताला आधी विचारायचं आपल्याला सहज सुचलं असतं. आजीला विचारायचं सुचलं नाही. ते का सुचलं नाही, याचा विचार तुम्ही एकटीनं करायचा आहे असं नाही. आपण सगळ्यांनीच करायचा आहे.

माझ्या हातूनही असंच झालंय. आमच्या एका कार्यक्रमासाठी मी ओळखीच्या एका मावशींकडून जात्यावरच्या ओव्या घेतल्या होत्या. त्यांत त्यांच्या भावाचं नाव होतं, माहेरच्या गावाचं नाव होतं. मला वाटलं, हे फार खासगी आहे, सगळ्यांना आपलं वाटायला हवं. मी नावं काढली आणि त्या जागी "बंधुराया" वगैरे घातलं. तीन आवाजांत छान बसवलं. निवेदनात "पारंपरिक ओव्या" असं सांगितलं. मावशी पहिल्या रांगेत होत्या. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाल्या, "माझा भाऊ कुठं गेला गं त्यातून?" ओवी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं. ती बाई जात्यावर बसून आपल्या माणसांना नावानं हाक मारत होती, आणि मी नेमकी ती हाकच पुसून टाकली होती. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव आहे. मी एका पानाच्या निवेदनातही तेवढं केलं नव्हतं.

तर आजी का उठून गेल्या? मला माहीत नाही, आणि तुम्हालाही अजून माहीत नाही. कदाचित ते गाणं मांडवाबाहेर म्हणणं त्यांना पटत नसेल. कदाचित चाल बदलल्यामुळे त्यांना ते ओळखूच आलं नसेल. "हा आमचा गाना नाय" याचा सरळ अर्थ तोच होतो. कदाचित शब्द बदलल्यानं विधीचा अर्थ मोडला असेल. कदाचित पोशाख पाहून अपमान वाटला असेल. किंवा नातीनं शाळेत गाणं देण्याआधी त्यांना पुरतं सांगितलंच नसेल, आणि त्या नातीवर रागावल्या असतील. यांतल्या प्रत्येक कारणाचं उत्तर वेगळं आहे. म्हणून अंदाजानं गाणं बदलू नका आणि अंदाजानं ठेवूही नका. भेटायला जा.

त्या भेटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अशा भेटी बिघडतात त्या आपल्या बोलण्यामुळे. मुलीच्या आई-वडिलांना विचारून वेळ ठरवा. त्यांना शाळेत बोलावू नका, तुम्ही जा, आणि मुख्याध्यापकांना सोबत नेऊ नका. आधी माफी मागा, आणि ती लहान ठेवा : "गाणं तुमचं होतं, मी न विचारता बदललं, माझं चुकलं." त्यापुढे "पण माझा हेतू चांगला होता" हे जोडू नका. हेतू चांगला होता हे मला मान्य आहे, आजींनाही कदाचित कळेल, पण त्या भेटीत तो विषय त्यांचा नाही. मग विचारा, की हे गाणं मुलांनी म्हणावं का. आणि गप्प राहा. फोन काढून रेकॉर्डिंग सुरू करू नका.

त्या "नको" म्हणाल्या तर तिथेच थांबा. "मग दुसरं एखादं द्या" असंही त्याच बैठकीत म्हणू नका. चार आठवड्यांत दुसरं लोकगीत बसतं, आणि तुमच्या संघात तीस घरं आहेत. कुणाकडे नाचणीच्या लावणीची गाणी असतील, कुणाकडे गौरीची, कुणाच्या घरी भीमगीतं रोज म्हटली जात असतील. लोकशाहीर वामनदादा कर्डकांची गाणी मला माहीत असलेल्या कित्येक घरांत पाठ आहेत, आणि ती समूहानंच गायची गाणी आहेत. तरीही शाळांच्या "लोकगीत" विभागात ती क्वचित ऐकू येतात. त्यांना आपण "एका समाजाची" म्हणून बाजूला ठेवतो आणि कोळीगीत मात्र सगळ्यांचं धरतो. हा भेद कुठून आला, हेही एकदा स्वतःला विचारून बघा.

त्या "हो" म्हणाल्या, तर तालमीची सूत्रं त्यांच्याकडे द्या. त्यांनी म्हणायचं, मुलांनी मागून म्हणायचं. तुम्हीही मुलांबरोबर खाली बसून शिकायचं. एखादी ओळ मुलांना अवघड गेली तर ती सोपी करून द्यायचा मोह होईल. तो आवरा आणि त्यांनाच विचारा, तुमच्याकडे लहान मुलींना हे कसं शिकवतात. त्यांच्याकडे रीत असतेच, नाहीतर गाणं त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं. शाळेनं त्यांना मानधन आणि गाडीभाडं द्यावं. बाहेरच्या तबलजीला आपण देतो, तसंच. निवेदनात त्यांचं नाव, गाव, आणि गाणं लग्नात केव्हा म्हणतात ते सांगावं, अर्थात नाव सांगितलेलं त्यांना चालत असेल तर.

पेटी या गाण्यापुरती बंद ठेवा. पेटीचे सूर साचेबंद असतात, दोन सुरांमधली जागा तिला दाखवता येत नाही. याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दारही उघडलं नव्हतं. ती बंदी मला अती वाटते, कारण पेटीनं महाराष्ट्रात घराघरात गाणं पोचवलं. पण तुम्ही "चाल थोडी गोड केली" असं लिहिलंय त्यात पेटीचा मोठा हात असणार. आजींचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागत असेल, पेटीनं तो जवळच्या पट्टीवर नेऊन बसवला, आणि आपल्या कानाला ते "सुरेल" वाटलं. आजींच्या कानाला गाणं तिथेच हललं.

पोशाखांची ऑर्डर मात्र काहीही झालं तरी रद्द करा, हे मी ठामपणे सांगते. मुलं शाळेच्या गणवेशात गाऊ देत. वारली चित्राचं काय झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. लग्नाच्या भिंतीवरून ते उशीच्या अभ्र्यांवर आणि चहाच्या कपांवर आलं. जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यामुळे त्यांच्या गंजाड गावाच्या आसपास अनेकांना रोजगारही मिळाला. हे चांगलंच झालं. पण ते आपल्या हातानं चित्र काढत होते, आपल्या नावानं. भाड्याच्या कपड्यांतल्या तीस मुलांकडे पाहून त्या एका मुलीला काय वाटेल? तिच्या आईचं रोजचं नेसणं इथे वेषभूषेच्या स्पर्धेतला पोशाख झालेलं असतं.

आता त्या मुलीबद्दल. तिला वर्गात सगळ्यांसमोर "तू परत ये" म्हणू नका. बाजूला घ्या, आजींना भेटायच्या आधी तिलाच सांगा की चूक माझी होती, तुझी नाही, आजीशी मी बोलते. ती दोन्हीकडून कोंडीत सापडली आहे. शाळेत गाणं आणलं म्हणून घरी बोलणी, आणि गाणं फसलं म्हणून शाळेत लाज. तिला यायचं नसेल तर येऊ नये. यायचं असेल तर तिनं संघातली एक गाणारी मुलगी म्हणून यावं. "आपली वारली मुलगी" म्हणून तिला मधोमध उभं करायचं, निवेदन तिच्याकडून करवून घ्यायचं, असं नको. तिनं स्वतःहून मागितलं तर गोष्ट निराळी.

आवाज फुटलेल्या दोन मुलांकडे येते. खरं सांगते, पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती इतकी नेहमीची आहे की तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. आवाज कुठे जाईल याची त्याला स्वतःलाच खात्री नसते. त्याच वेळी शाळा त्याला सांगते की तू दिस, पण ऐकू येऊ नकोस. अशी कितीतरी माणसं मला भेटतात, चाळिशी-पन्नाशीची, जी म्हणतात "मी बेसूर आहे." कधी ठरलं हे, असं विचारलं की बहुतेकांना इयत्ता आठवते.

या वयात मुलाचा आवाज हळूहळू जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, आणि मधल्या काळात त्याच्याकडे चार-पाचच भरवशाचे सूर उरतात. मुलींचाही आवाज बदलतो, तो फक्त गाजावाजा न करता बदलतो. जरा हवा मिसळल्यासारखा येतो. तुमच्या संघातल्या काही मुली वरच्या सुरांवर क्षीण होत असतील तर त्या लक्ष देत नाहीत असं समजू नका. आणि तुमचं गाणं काळी पाचमध्ये का आहे? मला वाटतं, ती तुमची पट्टी आहे म्हणून. आपण सगळ्याच गाणाऱ्या बाया हे करतो. स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि तीस मुलांना तिच्यावर चढवतो. काळी पाचमधला तार मध्यम शिकलेल्या गळ्यालाही सांभाळून घ्यावा लागतो.

येत्या तालमीत गाणं बाजूला ठेवा. एकेका मुलाला पेटीजवळ बोलावून सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सोयीचा सूर लिहून घ्या. तीस मुलांना एक तासिका पुरते. हे बाकीच्यांच्या देखत परीक्षेसारखं करू नका, बाकीच्यांना तोवर ठेक्याचं काही काम द्या. मग पट्टी ठरवा. काळी चारमध्ये गाणं पुष्कळ मुलांना मोकळं होईल असा माझा अंदाज आहे. त्या दोन मुलांना मुखड्याच्या वेळी आधार द्यायला लावा : मंद्र पंचम आणि मध्य षड्ज (खालचा प आणि मधला सा), म्हणजे तानपुऱ्यावर पहिल्यांदा वाजतात ते दोन सूर. काळी चारमध्ये हे दोन्ही सूर नुकत्याच उतरलेल्या आवाजात सहसा बसतात. एखाद्याला नाही बसले तर त्याला जो सूर येतो त्यातून काय करता येईल ते बघा. हा "देऊन टाकलेला" भाग नाही. तो आधार लागला की बाकीची मुलं सुरात राहतात, हे तुम्हाला दोन दिवसांत ऐकू येईल. महिन्याभरात त्यांचा आवाज आणखी बदलला तर सूर पुन्हा बदला.

संघात सूर न लागणारी आणखी दोघं-तिघं असतील. त्यांच्याशी मी असं करते : मी सूर देऊन "हा लाव" असं म्हणत नाही. "तुला जो येतो तो लाव" म्हणते आणि मी त्यांच्या सुरावर जाते. दोन आवाज एक झाले की त्या मुलाच्या चेहऱ्यावर ते दिसतं, कारण एक झालेला सूर कसा वाटतो हेच त्याला पहिल्यांदा कळलेलं असतं. तिथून हळूहळू दोघांनी मिळून सरकायचं. मोठ्या माणसाच्या आवाजापेक्षा बरोबरीच्या मुलाचा आवाज मुलं लवकर उचलतात, म्हणून पक्क्या सुराच्या मुलांना पुढे एकत्र न ठेवता रांगांमध्ये पेरा.

"एकजीव" या शब्दाबद्दल थोडं. एकजीव आवाज हवा हे मलाही मान्य आहे, तो ऐकताना अंगावर काटा येतो. पण एकजीवपणाचा एकच नमुना आपल्या कानात बसलेला असतो : शिकलेला, गुळगुळीत, नाकात न जाणारा, मध्यमवर्गीय घरातला आवाज. दिंडीतलं भजन ऐका. चढ्या पट्टीत रापलेले गळे, कुणाचा फाटका, कुणाचा खणखणीत, आणि टाळांच्या खाली ते सगळे धरून ठेवलेले. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर हजारो माणसांना सामुदायिक प्रार्थनेत गायला लावलं, तेव्हा कुणाचा गळा तपासला नव्हता. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर या शाहिरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यातली झील, म्हणजे साथीदारांनी मागून धरलेला सूर, गिरणगावच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचायची होती, तिला गोडव्यापेक्षा दम लागायचा. वारल्यांचा तारपा नाच तर तुमच्या परिसरातलाच आहे. तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा तारपकरी मध्ये असतो, तो वळेल तसा घेर वळतो, कुणी त्याच्याकडे पाठ करत नाही. पुढारी आहे, शिस्त आहे, पण रांग नाही आणि मागची रांग तर नाहीच. तुमच्या तालमी एक आठवडा गोल उभं राहून घेऊन पाहा. मुलं तुमच्या हाताकडे बघण्याआधी एकमेकांचं ऐकायला लागतील.

उच्चारांचा मुद्दा तुम्ही फक्त एका ओळीत लिहिलाय, की काही मुलं "पानी", "आनि" म्हणतात आणि ते "सुधारायला" वेळ जातो. समूहात एक शब्द तीस जणांनी एकाच प्रकारे म्हणायला हवा हे खरं, नाहीतर व्यंजनं विस्कटतात. पण ते तेवढंच सांगा : या गाण्यात आपण सगळे असं म्हणू या. "शुद्ध" आणि "अशुद्ध" हे शब्द तालमीत नकोत. लोकगीत घ्याल तेव्हा त्या बोलीचे उच्चार जसे आहेत तसे सगळ्यांनी शिकायचे. ज्या मुलाचा "न" एरवी सुधारला जातो, तोच त्या दिवशी बाकीच्यांचा "ण" सुधारेल. हे वर्गात एकदा तरी घडायला हवं.

चिठ्ठी पाठवणाऱ्या आईकडे वळते. "संगीताला धर्म नसतो" हे आपण मनापासून म्हणतो. सुरांबद्दल ते खरंही आहे. पण तिनं सुरांबद्दल विचारलंच नव्हतं, शब्दांबद्दल विचारलं होतं. एखाद्या कडव्यात देवीचं वर्णन असणं आणि गाणाऱ्यानं "मी तुला पूजतो" म्हणणं, यांत फरक आहे. ज्याच्या श्रद्धेत एकाच ईश्वरापुढे नमायचं असतं त्याला तो फरक फार मोठा असतो. ती आई गाणं बदला म्हणत नाही, मुलाला संघातून काढते असंही म्हणत नाही. एका कडव्यापुरती सवलत मागते आहे, आणि तीही चालेल का असं विचारून. इतक्या समजूतदार चिठ्ठीला त्याच सुरात उत्तर द्या : "हो, चालेल. मी आधी घाईत लिहिलं, त्याबद्दल माफ करा."

कायद्याचं म्हणाल तर घाबरण्यासारखं काही नाही, पण माहीत असावं. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असं संविधानाचं कलम २८ सांगतं. तुमचं गीत म्हणजे उपासना नव्हे असा वाद घालता येईल, पण त्या वादात शिरूच नका. केरळमधल्या तीन भावंडांचं उदाहरण याहून पुढचं आहे. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेनं त्यांना काढून टाकलं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. आदरानं गप्प उभं राहणं हा अनादर नाही, हे राष्ट्रगीताच्या बाबतीत ठरलं आहे, तर तुमच्या शेवटच्या कडव्याचं काय घेऊन बसायचं? आणि त्याला एकट्याला गप्प उभं करण्यापेक्षा सोपा मार्ग आहे. शेवटचं कडवं पाच-सहा मुलांच्या गटाला द्या, आणि बाकीच्यांनी, त्यात तोही, त्याखाली नुसता "आ" असा सूर धरायचा. गाण्यालाही चढउतार मिळेल.

एक सावधगिरी. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी विठ्ठलाचे अभंग लिहिले, मग याला काय हरकत आहे?" शेख महंमद मला फार प्रिय आहेत. पण त्यांनी स्वतःच्या ओढीनं जे केलं, ते तेरा वर्षांच्या मुलापुढे पुरावा म्हणून ठेवू नका. काही मुस्लिम मुलं आनंदानं अभंग गातात, काहींना ते नको असतं. कुणाचं काय, ते आपल्याला नावावरून कळत नाही.

म्हणूनच "प्रत्येक धर्माचं एकेक गाणं" हा तुमचा तोडगा मला पटत नाही. त्यात मुलांना धर्मानुसार वाटून मग एकत्र आणल्याचा देखावा होतो, आणि बौद्ध, आदिवासी, काहीच न मानणारं घर, यांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा जून महिन्यातच एक साधा कागद घरी पाठवा : तुमच्या घरी कोणती गाणी म्हणतात, त्यातली कोणती शाळेत म्हटलेली आवडतील, कोणती नकोत, आणि तुमच्या मुलाला म्हणायला चालणार नाही असं काही आहे का. कारण विचारू नका. वर्षाच्या सुरुवातीला आलेलं "नको" सहज सांभाळता येतं. स्पर्धेच्या चार आठवडे आधी आलेलं "नको" आपल्याला बंडासारखं वाटतं.

तुम्ही "मंच दिला" असं लिहिलंय, त्याबद्दल एक गोष्ट मनात येते. चोखोबांचे अभंग आपण शतकानुशतकं गात आलो, देवळाच्या आतही गायलो. पण पंढरपूरच्या देवळात दलितांना प्रवेश मिळायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. गाणं आत होतं आणि गाणाऱ्याची माणसं बाहेर. समूहगान बसवताना हे मी विसरू शकत नाही. आजींचं गाणं तुमच्या मंचावर पोचलं होतं. आजी मात्र पालक म्हणूनही कधी शाळेत आल्या होत्या का, मुलगी वर्गात तिच्या भाषेत बोलते का, डबा कुणाबरोबर खाते, हे मला विचारावंसं वाटतं. पत्रात ते नाही, आणि तुम्हाला उत्तर माहीत असेलही.

स्पर्धेचं राहिलं. गणवेशातली मुलं, पेटीविना लोकगीत, खालची पट्टी. काही परीक्षकांना हे फिकं वाटेल, गुण जातील. तसं होऊ शकतं हे मुलांना आधीच सांगून ठेवा, आणि आपण काय ठरवलं आणि का, तेही. आठवी-नववीच्या मुलांना ते नीट समजतं. मुख्याध्यापकांशी मात्र आत्ताच बोला, निकालानंतर नको. चार आठवड्यांत हे सगळं जमणार नाही असं वाटलं तर लोकगीत या वर्षी तुम्हाला आणि मुलांना आधीपासून येणारं, कुणाचीही परवानगी न लागणारं घ्या, आणि आजींशी चाललेलं बोलणं स्पर्धेपासून वेगळं ठेवा. ते बोलणं स्पर्धेनंतरही चालू ठेवावं लागेल, हे गृहीत धरा.

आणि उद्या तालमीला गेल्यावर सर्वांत आधी त्या दोन मुलांना मागच्या रांगेतून पेटीजवळ बोलवा. त्यांचा सा कुठे लागतो ते ऐका.